सातव्या रांगेतला सामाईक हात

मित्रांनो, मी धड एक खुर्चीसुद्धा नाही. मी खुर्चीचा नुसता हात आहे, आणि तोही दोन खुर्च्यांमधला सामाईक. माझ्या डावीकडे अकरा नंबरची खुर्ची, उजवीकडे बारा नंबरची, आणि मधे मी. बुडापेस्टमध्ये ट्रामच्या रस्त्याला लागून एक जुने संगीतगृह आहे. तिथल्या सातव्या रांगेत मी शंभरावर वर्षे ठाण मांडून आहे.

मी अक्रोडाचा. ज्या सुताराने मला घडवले त्याचे नाव तोबियाश. रंधा मारून, घासून, मेण चोळून झाले की तो प्रत्येक हातावर आपला गाल टेकवून पाही. गालाला जे टोचत नाही ते कोपराला टोचणार नाही, असा त्याचा हिशेब. त्याच्या गालाची ऊब ही माझी पहिली आठवण. त्यानंतर माझ्यावर किती कोपरे विसावली! रेशमी बाह्यांची, लोकरीच्या कोटांची, ठिगळे लावलेली. पहिल्या काही वर्षांत बायका मुद्दाम हातमोजे काढून माझ्यावरून बोटे फिरवीत आणि म्हणत, "काय गुळगुळीत आहे ग!" असे कोणी म्हटले की मला फार बरे वाटे.

मग वाईट दिवस आले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात शहराला वेढा पडला. माणसे आमच्या तळघरात लपून राहिली. शेगडीत घालायला काही उरले नाही, तेव्हा ती वर येऊन मागच्या रांगेपासून खुर्च्या उचकटू लागली. रोज एक रांग कमी होई. ती नवव्या रांगेपर्यंत आली आणि थंडी ओसरली. मागची माझी भावंडे जळून गेली. त्या माणसांवर मी कधी रागावलो नाही. त्यांच्याबरोबर तान्ही मुले होती.

इकडे एक रीत आहे. लोक अख्ख्या हंगामाचे तिकीट काढतात आणि वर्षानुवर्षे त्याच वारी, त्याच खुर्चीवर बसतात. वडिलांची खुर्ची मुलीकडे येते, आत्याची भाच्याकडे. त्यामुळे शेजारी बसणारे माणूस तुम्ही निवडलेले नसते. ते लाभलेले असते.

अकरा नंबरवर एतेल्काबाई बसत. खुर्ची त्यांच्या वडिलांची. त्या घरी मुलांना पियानो शिकवीत. बारीक अंगाच्या, ताठ पाठीच्या, आणि तालाच्या इतक्या पक्क्या की कार्यक्रम संपल्यावर टाळ्या सुरू झाल्या की सातवी रांग त्यांच्याकडे पाहून ताल धरी. बारा नंबरवर वेंदेलराव. ते ट्राम चालवीत. ही खुर्ची त्यांना मावशीकडून मिळाली होती. पहिल्या दिवशी ते केवळ खुर्ची फुकट जाऊ नये म्हणून आले, आणि मग चाळीस वर्षांत आजारपण सोडले तर एकही गुरुवार चुकवला नाही.

रांगेत शिरताना बसलेल्यांकडे तोंड करून सरकायचे असते. वेंदेलराव पोट आवरीत सरकत सरकत येत, इकडच्या जुन्या रीतीचा नमस्कार म्हणून वाकून म्हणत, "आपला हात चुंबतो, एतेल्काबाई!" आणि बसल्याबसल्या आपले ट्रामवाले भक्कम कोपर माझ्यावर ठोकून देत. मग सुरू होई.

"वेंदेलराव, हा हात काय सरकारी आहे?"

"सरकारी असता तर एवढा टिकला असता का, बाई?"

"मग अर्धा सोडा."

"कोपराचे अर्धे तुकडे कसे करू, तेवढं सांगा."

"करवतीनं," एतेल्काबाई म्हणत, आणि आपले टोकदार कोपर हळूच त्यांच्या कोपराखाली सरकवीत.

सात-आठ वर्षे ही ढकलाढकली चालली. शेवटी जागा दाखवणाऱ्या गिझीमावशी एकदा कंबरेवर हात ठेवून रांगेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "मध्यंतराआधी बाई, मध्यंतरानंतर वेंदेलराव. आणि पुन्हा तुमची कुजबुज ऐकली तर दोघांनाही वर खांबामागे बसवीन!" तेव्हापासून तोच कायदा. मध्यंतराची घंटा झाली की एक कोपर उठे आणि दुसरे टेके. दोघे कोपर सोडून दुसऱ्या कशावरही क्वचितच बोलत, पण वेंदेलरावांना यायला पाच मिनिटे उशीर झाला की एतेल्काबाई दाराकडे पाहू लागत.

मित्रांनो, लाकडाला काही गोष्टी माणसांच्या आधी कळतात. एका हिवाळ्यात माझ्या लक्षात आले की एतेल्काबाईंचे कोपर आता माझ्यावर टेकत नाही. त्या तळवा टेकतात. पाचही बोटे पसरून, सपाट, जशी आई तापल्या मुलाच्या पाठीवर ठेवते तशी. आणि डोळे मिटून घेतात.

जमिनीतून माझ्यापर्यंत जे येते ते मला ठाऊक आहे. नगाऱ्याचा घुमारा येतो, चेलोसारख्या मोठ्या तंतुवाद्यांची गुणगुण येते, पियानोवर डावा हात चालतो तो येतो. बासरी आणि व्हायोलिनचे उंच सूर मात्र वरून निघून जातात, लाकडात उतरत नाहीत. एतेल्काबाई माझ्यातून जेवढे मिळेल तेवढे वेचीत होत्या. त्यांच्या कानांना संगीत ऐकू येईनासे झाले होते. समोर तोंड करून बोलले तर ओठांवरून त्या बोलणे ओळखीत, आणि हे त्यांनी इतके बेमालूम साधले होते की कोणाला पत्ता नव्हता. घरी अजून सहा मुले शिकायला येत. कानात यंत्र बसवले असते तर ते मुलांच्या आयांना दिसले असते.

पण सहा मुलांपेक्षा एका मुलीचा त्यांना जास्त घोर होता. तिचे नाव फ्रुझिना. सात वर्षांची असताना ती बाईंकडे आली. आता तेवीस वर्षांची होती, संगीत विद्यालयात शिकत होती, पण दर शनिवारी बाईंच्या घरी येऊन वाजवून दाखवल्याशिवाय तिचा आठवडा सरत नसे. ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी वेंदेलराव तापाने पडून होते, म्हणून बारा नंबरवर ती बसली.

"बाई, अठ्ठावीस नोव्हेंबरला मी त्या तिथे बसणार! खरं वाटत नाही."

एतेल्काबाईंची नजर तिच्या ओठांवर होती. "खरं वाटेल तेव्हा पाठ ताठ ठेव म्हणजे झालं."

"वाजवून झालं की मी आधी तुमच्याकडे येणार. आईकडेसुद्धा नाही. लोक काय, छान छान म्हणतात. तुम्ही सांगाल ते खरं. त्याच्या पुढच्या मंगळवारी हेच मला प्रागला वाजवायचंय. जे चुकेल ते दुरुस्त करायला चारच दिवस मिळणार. सांगाल ना?"

"सांगीन की. कधी खोटं सांगितलंय का तुला?"

त्यांचा आवाज शांत होता, पण माझ्यावरचा तळवा घामाने ओला झाला.

सन एकोणीसशे शहाण्णवच्या नोव्हेंबरातली ती अठ्ठावीस तारीख उजाडली. एतेल्काबाई त्या दिवशी सर्वांत आधी येऊन बसल्या. कार्यक्रमाचा कागद त्यांनी एकदा वाचला आणि मग पुन्हा डोळ्यांजवळ धरून वाचला. एरवी वाद्यवृंदासह पियानो आधी असतो आणि मोठी सिंफनी मध्यंतरानंतर. त्या दिवशी क्रम उलटा होता. फ्रुझिना मध्यंतरानंतर वाजवणार होती, म्हणजे वेंदेलरावांच्या पाळीत.

वेंदेलराव सरकत सरकत आले. "आपला हात चुंबतो, एतेल्काबाई!"

"वेंदेलराव, आज अदलाबदल करू या का? आधी तुम्ही घ्या, नंतर मी घेते."

"वा! चाळीस वर्षांनी? उद्या म्हणाल, ट्रामनं फुटपाथवरून जावं."

"एक दिवसापुरतं."

"कारण सांगा, देतो."

कारण सांगितले असते तर वेंदेलरावांनी तत्काळ हात सोडला असता. मला ते ठाऊक होते. पण एतेल्काबाईंनी मान फिरवली. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "नियम तो नियम."

सिंफनी झाली. त्यांच्या तळव्याखाली मी होतो, तरी त्यांचे लक्ष तिच्यात नव्हते. मग टाळ्या सुरू झाल्या. आमच्या शहरातल्या टाळ्या तुम्हाला ठाऊक नसतील. आधी त्या नुसत्या कोसळतात, जिकडेतिकडे. मग कोणी न सांगता हात एकमेकांना शोधत येतात आणि हजार माणसे एकाच तालात टाळी देऊ लागतात. आधी संथ, मग जलद, मग पुन्हा विस्कटतात, पुन्हा जुळतात. इथले लेकरूही त्यात चुकत नाही.

एतेल्काबाईंनी टाळ्यांसाठी माझ्यावरचा हात उचलला, आणि डोळे उघडायला त्या विसरल्या. हजार हातांची टाळी पडे, आणि पुढच्या टाळीआधीच्या रिकाम्या जागेत त्यांची एकटीची पडे. धप्प, आणि मग टिक्. धप्प, आणि मग टिक्. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ चिडून वळला. "बाई, चेष्टा चाललीये का?" त्याचे बोलणे त्यांना कळले नाही. त्या मंद हसत टाळ्या देतच राहिल्या.

वेंदेलरावांच्या टाळ्या थांबल्या.

मध्यंतरात लोक बाहेर गेले. वेंदेलराव दर गुरुवारी पाय मोकळे करायला जात, पण त्या दिवशी जागेवरच बसून राहिले. त्यांनी खिशातून रुमालात बांधलेल्या पोगाचा काढल्या. या आमच्याकडच्या खारट, खुसखुशीत पावासारख्या असतात आणि त्यांचा चुरा नेहमी माझ्यावर सांडतो. रंगमंचाकडे बघत ते हलक्या आवाजात म्हणाले, "एतेल्काबाई, तुमच्या शालीला आग लागलीये."

एतेल्काबाई कार्यक्रमाच्या कागदाची घडी करीत होत्या. त्यांनी ती नीट केली आणि पर्समध्ये ठेवली.

वेंदेलराव थोडा वेळ हातातल्या पोगाचाकडे पाहत राहिले. मग त्यांच्याकडे पूर्ण वळून, ओठ स्पष्ट हलवीत म्हणाले, "खाणार का?"

"चीजची आहे?"

"बटाट्याची."

"मग द्या. चीजची तुमची बहीण फार कोरडी करते."

घंटा झाली. लोक परतले, दिवे मंद झाले. एतेल्काबाईंनी तळवा उचलून मांडीवर घेतला. मी वेंदेलरावांच्या कोपराची वाट पाहू लागलो. ते आलेच नाही. वेंदेलराव दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसले होते, एखाद्या शाळकरी पोरासारखे.

"वेंदेलराव, तुमची पाळी आहे."

"कोपर दुखतंय. डॉक्टरांनी टेकवू नका म्हणून सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"दातांच्या."

एतेल्काबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांना सारे समजले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्या क्षणी त्या उठून निघून जातील असे मला वाटले. पण तेवढ्यात फ्रुझिना रंगमंचावर आली, हिरव्या पोशाखात, पाठ ताठ ठेवून. एतेल्काबाईंनी तळवा माझ्यावर सपाट ठेवला.

मित्रांनो, मी अनेक मोठ्या माणसांचे वादन अंगावर झेलले आहे. पण त्या संध्याकाळी मी जेवढे जिवाचे कान केले तेवढे कधी केले नाहीत. जमिनीतून जे जे आले ते सारे त्या तळव्याला द्यायचे, एक कणही माझ्यात मुरू द्यायचा नाही, असे मी ठरवले. फ्रुझिनाचा डावा हात येत होता. पहिल्या भागात गोल, भारदस्त. मधल्या संथ भागात अगदी पुसट, आणि त्या भागात उजवा हातच बोलत होता. त्यातले मी काही देऊ शकलो नाही. तिथे एतेल्काबाईंनी डोळे उघडून तिच्या बोटांकडे पाहिले, पण सातव्या रांगेतून पंचाहत्तरीच्या डोळ्यांना बोटे कितीशी दिसणार? शेवटच्या भागात डावा हात पुन्हा आला. एका जागी एतेल्काबाईंच्या करंगळीने मला जोरात दाबले, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

टाळ्या कोसळल्या. त्या जुळायला लागल्या तसे वेंदेलराव खुर्चीत आडवे वळले आणि एतेल्काबाईंच्या डोळ्यांसमोर आपले रुंद हात धरून टाळी देऊ लागले. एतेल्काबाई त्या हातांकडे पाहत होत्या आणि त्यांचे हात त्या हातांबरोबर पडत होते. पुढचा गृहस्थ या वेळी वळला नाही.

लोक कोट घ्यायला गेले आणि रांगा रिकाम्या झाल्या. फ्रुझिना रंगमंचावरून धावतच आली आणि सहाव्या रांगेतल्या खुर्चीवर उलटी, गुडघ्यांवर बसली.

"सांगा, बाई."

"छान वाजवलंस," एतेल्काबाई म्हणाल्या.

फ्रुझिनाचे हसू मावळले. "छान? सोळा वर्षांत तुम्ही मला एकदाही छान म्हणाला नाहीत. इतकं वाईट झालं?"

"तसं नाही..."

"माझ्या खोकल्यानं घोळ केला हो," वेंदेलराव मधेच म्हणाले. "सारखा खोकत होतो. बाईंना धड ऐकूच दिलं नाही मी."

"काका, तुम्ही एकदाही खोकला नाहीत. आमच्यापर्यंत सगळं ऐकू येतं."

"गप्प बसा, वेंदेलराव," एतेल्काबाई म्हणाल्या. त्यांनी फ्रुझिनाकडे सरळ पाहिले. "मला ऐकू येत नाही, पोरी. तुझं वाजवणं मी ऐकलं नाही. जेवढं या लाकडातून हाताला लागलं तेवढंच मिळालं."

फ्रुझिना खुर्चीच्या पाठीवरून पुढे वाकली. मग म्हणाली, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं? म्हणजे दर शनिवारी मी येऊन वाजवत होते, आणि तुम्ही..."

"मी तुझे हात बघत होते. तुझे खांदे, तुझा श्वास. बरंच दिसतं त्यात. सगळं नाही दिसत."

"मला सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

फ्रुझिनाने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, आणि ते नुसत्या दुःखाचे नव्हते. तिला राग आला होता, आणि तो येणे बरोबरच होते. एतेल्काबाईंनीही तो निमूटपणे घेतला. मग त्या म्हणाल्या, "शेवटच्या भागात दोनदा डावा हात पुढे पळाला. नगारा यायच्या आधी एकदा, आणि नंतर पुन्हा."

फ्रुझिनाने मान वर केली. "हो. पळाला. मला वाटलं, कोणाच्या लक्षात नाही आलं."

"माझ्या हाताच्या लक्षात आलं."

"पण उजव्याचं काय? मधल्या भागात सगळं उजव्या हातावर आहे. ते कोण सांगणार मला आता?"

एतेल्काबाई उजवीकडे वळल्या. "वेंदेलराव, तुम्ही सांगा."

"मी? अहो, मी ट्राम चालवायचो!"

"चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसून ऐकताय. का नुसतं कोपर टेकायला येत होतात? सांगा."

वेंदेलरावांनी कपाळ पुसले. मला वाटले, तेही छान म्हणतील. पण ते विचार करून म्हणाले, "मुली, राग नको मानूस. त्या संथ भागात तू इतकं हळू वाजवत गेलीस की मागे कोणी गोळीचा कागद उलगडत होतं, तो मला तुझ्यापेक्षा मोठा वाटला. जणू तू स्वतःलाच ऐकवत होतीस. मला पुढे वाकावं लागलं. ट्राममध्ये कुजबुजून स्टॉप सांगितला तर माणसं उतरणार कशी?"

एतेल्काबाई त्यांच्या ओठांवरून एकेक शब्द टिपत होत्या. "हळू म्हणजे कसं? सूर बारीक होता का पोकळ?"

"पोकळ नव्हता. बारीक."

"सुरुवातीपासून?"

"नाही. मधे केव्हातरी. चेलो एकटा वाजवतो ना, त्याच्यानंतर."

"बघ," एतेल्काबाई फ्रुझिनाला म्हणाल्या, "चेलोनंतर तू घाबरतेस. लहानपणीपण दुसऱ्याचं चांगलं ऐकलं की तुझा हात आखडायचा."

फ्रुझिना हसली आणि त्याच वेळी तिने बाहीला नाक पुसले. ती सहाव्या रांगेतून उठली, वळसा घालून सातव्यात आली आणि बाईंच्या पायांशी जमिनीवरच बसली. "परत सांगा, काका," ती म्हणाली. "पहिल्या भागापासून सांगा." बोलता बोलता वेंदेलरावांनी, सवयीने, कोपर माझ्यावर टेकले. एतेल्काबाईंचा तळवा तिथेच होता. कोणीही कोणाला ढकलले नाही. गिझीमावशी दिवे मालवायला आल्या, तिघांना पाहून थबकल्या, आणि आधी दुसऱ्या टोकाचे दिवे मालवायला निघून गेल्या.

प्रागला काय झाले ते मला ठाऊक नाही. लाकडाला पत्रे येत नाहीत. पण त्यानंतरच्या चार हंगामांत दर गुरुवारी मी दोघांचाही भार एकाच वेळी सांभाळला. उंच सूर आले की वेंदेलराव बोटाने माझ्यावर हलकेच टिचकी मारीत आणि एतेल्काबाई मान डोलावीत. त्यांचा टाळ्यांचा ताल पुन्हा कधी चुकला नाही. पुढे एका शरद ऋतूत अकरा नंबर रिकामा राहिला. पुढच्या वर्षी बाराही.

नंतर संगीतगृहाची दुरुस्ती झाली. माझी जुनी चमक परत यावी म्हणून कारागिरांनी मला घासले, नवे मेण चोळले. आता लोक माझ्यावर फोन ठेवतात. कोणी माझ्या पोटाशी च्युइंगम चिकटवून जातो, कोणी नखाने आपल्या नावाचे अक्षर कोरतो. तेवढे करू नका, मित्रांनो, मला दुखते. पण त्याहूनही एक मागणे आहे. कधी अशा जुन्या जागी गेलात आणि शेजारचे माणूस बोटे पसरून, तळवा सपाट ठेवून बसलेले दिसले, तर तुमचे कोपर उचलून घ्या. कारण विचारू नका. दातांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे म्हणा, किंवा काहीच म्हणू नका.